जुन्या तुळईतून नवी गिटार
खास प्रतिनिधी, मुंबई

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत उपनगरांतील जुन्या चाळी, बैठी घरे आणि दोन-तीन मजली इमारती पुनर्विकासाच्या ओघात जमीनदोस्त होत आहेत. इमारत पाडली की विटा-चुन्याचा राडारोडा डंपरमध्ये भरून निघून जातो. दारे, खिडक्या, चौकटी, जिन्याचे कठडे आणि सागवानी तुळया मात्र निगुतीने वेगळ्या काढल्या जातात. अशा जुन्या लाकडाची एक ठरलेली पेठ म्हणजे जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा फर्निचर बाजार. तेथे तुळईचे टेबल होते, दरवाजाचा दिवाण होतो, कठड्याचा झोपाळा होतो. याच तुळईतून इलेक्ट्रिक गिटारही घडू शकते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

स्वतःच्या हाताच्या मापाची, आपल्या पसंतीच्या लाकडाची गिटार करवून घेण्याची हौस मुंबईतील वादकांना नवी नाही. पवईच्या आयआयटीतील 'मूड इंडिगो' महोत्सवात किंवा १९८६ साली सुरू झालेल्या 'इंडिपेन्डन्स रॉक'च्या मंचावर ज्यांनी गिटारचा गजर ऐकला, त्यांच्यापैकी अनेकांनी कधी ना कधी हे स्वप्न पाहिले असेल. अडचण येते ती लाकडाची. गिटारवरील पुस्तके मेपल, ॲल्डर, ॲश आणि महॉगनी यांचीच नावे घेतात. मग साग, तून, फणस, शीशम किंवा रस्त्याकडेचा वर्षावृक्ष यांतून चांगली गिटार होईल काय? उत्तर 'होईल' असेच आहे. पण त्यासाठी लाकडाचे वजन, मुंबईची हवा आणि देशाचा कायदा या तिन्हींचा हिशेब आधी मांडावा लागतो.

लाकूड नेमके काय करते?

साध्या, पोकळ गिटारमध्ये तारेचे कंपन घोडीवाटे वरच्या पातळ फळीत उतरते आणि ती फळी हवा हलवते. म्हणून तेथे लाकूड हाच आवाजाचा प्राण असतो. भरीव इलेक्ट्रिक गिटारचे गणित वेगळे आहे. तिच्या धडावर तारांच्या खाली 'पिकअप' बसवलेला असतो. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घालून केलेले वेटोळे. चुंबकामुळे स्टीलची तार स्वतःही किंचित चुंबकीय होते. ती हलली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि तेथे अत्यल्प वीज निर्माण होते. ॲम्प्लिफायर हीच वीज वाढवून ऐकवतो. पिकअपला तारेचे हलणे कळते, लाकडाचा आवाज थेट ऐकू येत नाही.

इतिहासही हेच सांगतो. १९३२ साली बाजारात आलेली रिकनबॅकर कंपनीची 'फ्राइंग पॅन' ही मांडीवर ठेवून वाजवायची इलेक्ट्रिक गिटार चक्क ॲल्युमिनियमची ओतीव होती. लेस पॉल यांनी १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जी प्रायोगिक गिटार बनवली, तिचा गाभा म्हणजे चार इंची चौरस पाइनचा ओंडका होता. तिला 'लॉग', अर्थात ओंडका, हेच नाव पडले. डॅनइलेक्ट्रो कंपनीने १९५०च्या दशकात लाकडी चौकटीवर दाबीव लगद्याची पाटी ठोकून स्वस्त गिटारी विकल्या आणि पुढे नामवंत वादकांनी त्या आवडीने वाजवल्या.

याचा अर्थ लाकडाला काहीच महत्त्व नाही असा नव्हे. तारेची दोन्ही टोके ज्यावर टेकतात तो सांगाडा जितका ताठ, तितकी तारेची ऊर्जा कमी झिरपते आणि सूर अधिक काळ टिकतो. विशेषतः मान, म्हणजे नेक, लवचीक असेल तर एखाददुसऱ्या जागी सूर लवकर विझतो. शिवाय वजन, समतोल, हाताला होणारा स्पर्श आणि वर्षानुवर्षे सूर न ढळणे या साऱ्या गोष्टी लाकडावर अवलंबून असतात. एका लाकडाचा आवाज 'उबदार' आणि दुसऱ्याचा 'चमकदार' या विधानांबाबत मात्र कारागिरांमध्येच एकमत नाही. पिकअप, त्याचे तारांपासूनचे अंतर, तारांची जाडी आणि वादकाचा हात यांचा फरक त्याहून पुष्कळ मोठा असतो. तेव्हा वेगळे लाकूड निवडल्याने गिटार बेसूर होईल ही भीती अनाठायी आहे. भीती बाळगायचीच, तर ती ओल्या लाकडाची बाळगावी.

रूढ लाकडांवर आलेली वेळ

गिटारसाठी काही ठरावीक लाकडे रूढ झाली, त्याचे कारण मुख्यतः भूगोल आणि व्यापार हे होते. लिओ फेंडर यांचा कारखाना कॅलिफोर्नियात होता. १९५०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी 'टेलिकास्टर' आणि १९५४ साली 'स्ट्रॅटोकास्टर' बाजारात आणली, तेव्हा ॲश आणि नंतर ॲल्डर ही हाताशी असलेली, माफक दराची लाकडे वापरली गेली. गिब्सनने १९५२च्या 'लेस पॉल' गिटारसाठी फर्निचरच्या व्यापारात मुबलक असलेली महॉगनी घेतली. वादकांच्या कानाला त्या गिटारींची सवय झाली आणि सवयीचा नियम बनला.

आज तो नियमच डळमळीत झाला आहे. अमेरिकेत २००२ साली मिशिगन राज्यात ॲशची झाडे पोखरणारा हिरवा भुंगा आढळला. पुढील दोन दशकांत त्याने कोट्यवधी झाडे मारली. त्यात मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील पुरांची भर पडली आणि २०२० साली फेंडर कंपनीने आपल्या बहुतेक नेहमीच्या गिटारींतून ॲश काढून टाकत असल्याचे जाहीर केले.

दुसरी कथा थेट भारताशी जोडलेली आहे. जगभरातील गिटारींच्या फिंगरबोर्डसाठी, म्हणजे ज्या पट्टीवर बोटे फिरतात तिच्यासाठी, पश्चिम घाटात आणि दक्षिण भारतात वाढणारा आपला काळा शिसव वापरला जातो. जग त्याला 'इंडियन रोजवूड' म्हणते. भारतातून कापीव लाकडाच्या निर्यातीवर निर्बंध आहेत, तयार सुट्या भागांवर नाहीत. फिंगरबोर्डची अर्धवट घडवलेली पट्टी नेमकी कशात मोडते, हा प्रश्न २०११ साली ऐरणीवर आला. अमेरिकी वन्यजीव विभागाने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घालून भारतातून आलेले लाकूड जप्त केले. त्याआधी २००९ मध्ये मादागास्करच्या एबनीवरूनही छापा पडला होता. ऑगस्ट २०१२ मध्ये समझोता झाला. मादागास्करच्या लाकडाच्या प्रकरणात गिब्सनने तीन लाख डॉलर दंड भरला. भारतीय पट्ट्यांच्या वर्गीकरणाबाबत नियमांतच संदिग्धता असल्याचे मान्य होऊन ते लाकूड कंपनीला परत मिळाले.

त्यानंतर २ जानेवारी २०१७पासून शिसवाचे संपूर्ण कुळ धोक्यातील प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेले. एका गिटारमधील पातळशा पट्टीसाठीही निर्यातदारांना परवाने काढावे लागू लागले. वाद्यनिर्मात्यांच्या तक्रारींनंतर २०१९ साली जिनिव्हा येथील परिषदेत तयार वाद्ये आणि त्यांचे तयार भाग यांना सूट देण्यात आली. कच्च्या लाकडावरील नियंत्रण मात्र कायम राहिले. ब्राझीलचा शिसव तर १९९२पासून पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात असल्याने त्याला ही सूटही लागू नाही. 'वेगळे लाकूड' हा आता केवळ हौशी वादकांचा छंद राहिलेला नाही. मोठे कारखानेही तोच शोध घेत आहेत.

आपल्या अंगणातील लाकडे

या शोधात महाराष्ट्राकडे सांगण्यासारखे बरेच काही आहे. मिरजेचे सतार आणि तानपुरा बनवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तुनीच्या लाकडावर काम करत आले आहेत. मंगळवेढा-पंढरपूर भागातील भोपळा आणि तुनीची दांडी यांतून घडलेल्या मिरजेच्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तून हे महॉगनीच्याच कुळातले झाड आहे. त्याचा रंग तांबूस, वजन हलके आणि पटाशीला ते मऊ असते. इलेक्ट्रिक गिटारच्या धडासाठी याहून सोयीचे देशी लाकूड शोधूनही सापडणे कठीण. दक्षिणेत वीणा आणि मृदंगासाठी फणस वापरतात. कोकणातील घरांमध्येही तो खांब-तुळयांना लागतो. नवा असताना हळदीसारखा पिवळा असणारा फणस उजेडात काळानुरूप तपकिरी होतो, म्हणून त्याला रंग न देता केवळ पॉलिश करणे शोभून दिसते.

प्रत्येक लाकडाचे वजन किती पडेल, याचा अंदाज बांधता येतो. स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराचे, साधारण ४५ मिलिमीटर जाडीचे धड सव्वाचार लिटरच्या आसपास जागा व्यापते. वाळलेल्या ॲल्डरचे वजन लिटरमागे सुमारे ४५० ग्रॅम. म्हणजे धड एक किलो नऊशे ग्रॅमचे. तून सुमारे ४८० ग्रॅम, म्हणजे धड दोन किलोंचे. वर्षावृक्ष ६०० ग्रॅम, म्हणजे अडीच किलो. महॉगनीही जवळपास तितकीच. साग ६५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पावणेतीन किलो. शीशम ७७० ग्रॅम, म्हणजे सव्वातीन किलो, तर काळा शिसव ८३० ग्रॅम, म्हणजे साडेतीन किलो. यात मान, खुंट्या, घोडी आणि पिकअप यांचे दीड किलो मिळवावे. तुनीची गिटार साडेतीन किलोंत बसते, सागाची सव्वाचार किलोंपर्यंत जाते आणि शिसवाची पाच किलोंची होते. दोन तासांच्या कार्यक्रमात खांद्यावरील हा दीड किलोंचा फरक चांगलाच जाणवतो.

शिसवाच्या वजनाचा अनुभव फेंडर कंपनीनेही घेतला आहे. १९६८ साली त्यांनी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनसाठी संपूर्ण शिसवाची टेलिकास्टर घडवली. लंडनमधील एका इमारतीच्या गच्चीवर ३० जानेवारी १९६९ रोजी बीटल्सचे जे अखेरचे जाहीर वादन झाले, त्यात हॅरिसनच्या हाती हीच गिटार होती. पुढे विक्रीसाठी बनवलेल्या शिसवी टेलिकास्टर आतून पोकळ कराव्या लागल्या. सागाच्या बाबतीत हाच मार्ग अवलंबता येतो. धडाच्या दोन्ही बाजूंना आतून कप्पे कोरून वरून पातळ फळी चिकटवली, की अर्धा-पाऊण किलो वजन सहज कमी होते.

वर्षावृक्षाचे प्रकरण मुंबईकरांच्या जिव्हाळ्याचे आहे. छत्रीसारखा पसरणारा हा विलायती शिरीष मुळात मध्य व दक्षिण अमेरिकेतील. रस्त्यांवर सावलीसाठी तो येथे लावला गेला. गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने मुंबईतील अनेक वर्षावृक्ष वठले, तर १७ मे २०२१च्या तौक्ते वादळात शहरात शेकडो झाडे उन्मळून पडली. अशा झाडांचे सहसा जळण होते. हवाईत मात्र याच झाडाच्या लाकडाला 'मंकीपॉड' म्हणतात आणि त्यापासून युकुलेले व गिटार बनवतात. वाळताना ते कमी आकसते, हा त्याचा मोठा गुण. त्याच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असल्याने रंधा मारताना चिरफळ्या उडतात, हा दोष. शहरातील झाडांचे लाकूड वाद्यात वापरण्याचा प्रयोग अमेरिकेच्या टेलर कंपनीने २०२० साली केला. कॅलिफोर्नियातील शहरांतून काढून टाकाव्या लागलेल्या ॲशच्या झाडांपासून त्यांनी गिटारी बनवून बाजारात आणल्या.

तुळईची परीक्षा

ओशिवऱ्यात किंवा रे रोडच्या वखारीत जुना साग घ्यायचा, तर त्याचे मोल जाणून घ्यावे. मुंबईतील जुन्या इमारतींत ब्रह्मदेशचा साग मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. या व्यापारासाठी १८६३ साली 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' स्थापन झाली. याच कंपनीच्या लाकूडतोडीवरून ब्रह्मदेशच्या राजाशी झालेला तंटा १८८५च्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरला आणि पदच्युत थिबा राजा रत्नागिरीत आणला गेला. तेथील थिबा राजवाडा आजही त्याची साक्ष देतो. उपनगरातील एखाद्या चाळीच्या तुळईमागे एवढा इतिहास असू शकतो.

व्यवहाराच्या दृष्टीने जुन्या सागाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो कित्येक दशके वाळलेला असतो. नवे लाकूड कापले की आतील ताण मोकळा होऊन फळी वाकते. जुन्या तुळईत ही शक्यता बरीच कमी असते. दोषही आहेत. आत मोडलेले खिळे दडलेले असतात आणि एक खिळा लागला तरी करवतीचे किंवा राउटरचे पाते निकामी होते. म्हणून लोहचुंबकाने आणि धातुशोधकाने तपासल्याखेरीज यंत्राला लाकूड लावू नये. टोकाकडील उभ्या भेगा, जोडाच्या जुन्या खाचा, वाळवीची आणि भुंग्याची भोके बाजूला सारून किती निर्दोष लाकूड उरते, ते मोजूनच भाव ठरवावा. धडासाठी साधारण ५०० मिलिमीटर लांब, ३५० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर जाड फळी लागते. एवढी रुंद फळी तुळईतून निघणे अवघड, म्हणून दोन किंवा तीन तुकडे काठाला काठ जोडतात. त्यात कमीपणा काहीच नाही. मोठ्या कंपन्यांची बहुतेक धडेही जोडाचीच असतात.

हवा, ओल आणि जोड

मुंबईत गिटार बनवणाऱ्याचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. लाकूड हवेतील ओल सतत घेते आणि सोडते. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर लाकडातील पाण्याचे प्रमाण नऊ टक्क्यांवर स्थिरावते. ६५ टक्के असेल तर बारा आणि ८० टक्के असेल तर सोळा टक्क्यांवर. जानेवारीतील कोरडी दुपार आणि जुलैतील संततधार यांत लाकडाच्या आतील ओलीत चार-पाच टक्क्यांचा फरक पडू शकतो. सागासारखे शांत लाकूडही तेवढ्याने ३२५ मिलिमीटर रुंदीत सुमारे तीन मिलिमीटर फुगते किंवा आकसते, तेही फळी कशी कापली आहे त्यावर. ओंडक्याच्या केंद्रातून बाहेर जाणाऱ्या दिशेने कापलेली फळी त्याच्या निम्म्यानेच हलते. म्हणून मानेसाठी टोकाकडून पाहता रेषा उभ्या दिसणारी फळीच निवडावी.

घडवण्याआधी लाकूड ज्या खोलीत काम होणार तेथे काही आठवडे, शक्य तर काही महिने, हवा खेळती राहील अशा रीतीने रचून ठेवावे आणि ओल मोजणाऱ्या साध्या उपकरणाने तपासावे. पावसाळ्यात मान घडवणे टाळलेले बरे. ऐन ऑगस्टमध्ये घडलेली गिटार अंधेरीच्या वातानुकूलित स्टुडिओत किंवा नागपूरच्या मे महिन्यात गेली, की फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची धातूची टोके दोन्ही बाजूंनी बाहेर येऊन बोटांना खरचटू लागतात.

सागाचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. त्यात नैसर्गिक तेल असते. त्याच तेलामुळे तो पाण्यात टिकतो आणि त्याच तेलामुळे गोंद नीट धरत नाही. जोडण्याच्या काही मिनिटे आधी दोन्ही काठांवर ताजा रंधा फिरवून ॲसिटोनने पुसून घेतले, की जोड पक्का बसतो. सागातील वाळूसारख्या सूक्ष्म कणांनी हत्यारांची धार लवकर जाते, म्हणून पटाशी वारंवार परजावी लागते. पांढरा गोंद म्हटला की आपल्याकडे फेविकॉल आठवतो. धडाच्या जोडाला तो पुरतो. मात्र असा गोंद उन्हाने तापला की मऊ पडतो, त्यामुळे तारांचा सततचा ताण सोसणाऱ्या मानेच्या जोडाला नुसत्या गोंदापेक्षा चार स्क्रूंचा आधार अधिक भरवशाचा. साग आणि शिसव यांचा भुसा त्वचेला व श्वासनलिकेला त्रास देतो. चांगला मास्क लावल्याशिवाय पॉलिशपेपर हाती धरू नये.

मापाचे शास्त्र

लाकडाइतकीच महत्त्वाची असते ती मोजणी. मानेच्या टोकावरील नट आणि घोडी यांतील तारेच्या मोकळ्या लांबीला स्केल म्हणतात. फेंडरच्या गिटारीत ती २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर असते. गिब्सनमध्ये साधारण ६२८. सप्तकाचे बारा समान भाग करायचे असल्याने प्रत्येक फ्रेटची जागा ठरलेली असते: उरलेल्या लांबीला १७.८१७ने भागायचे आणि तेवढे पुढे सरकायचे. ६४८ मिलिमीटरच्या स्केलमध्ये पहिला फ्रेट नटापासून ३६.४ मिलिमीटरवर येतो, दुसरा त्यापुढे ३४.३ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर. सतारीचे पडदे सरकवून सूर जुळवता येतो. येथे ती मुभा नाही. फ्रेटची खाच एकदा चुकली की चुकली. वरच्या फ्रेटवर अर्ध्या मिलिमीटरची चूकही जाणत्या कानाला खुपते.

सहा तारा मिळून मानेवर सुमारे ४५ किलोंचा ताण देतात. तो पेलण्यासाठी मानेच्या आत 'ट्रस रॉड' ही पोलादी सळई असते. तिचा नट फिरवून मानेचा बाक कमीजास्त करता येतो. मुंबईच्या हवेत ही सळई दोन्ही दिशांना काम करणारी असावी, कारण ऋतूबरोबर मान दोन्हीकडे वळते. मानेसाठी तून फार मऊ पडते. तेथे सरळ रेषांचा साग, शीशम किंवा आयात मेपल घ्यावे. फिंगरबोर्डला शीशम पुरेसा कठीण असतो. शीशम आणि काळा शिसव ही दोन वेगळी झाडे आहेत. बाजारात मात्र दोन्ही 'रोजवूड' या एकाच नावाने विकली जातात, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

पिकअप, खुंट्या आणि घोडी तयार मिळतात. पोटेन्शिओमीटर, कपॅसिटर, स्विच हे सारे सामान लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत गोळा होते. एकेरी वेटोळ्याचा पिकअप घरातील विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडतो. ती नको असेल तर दुहेरी वेटोळ्याचा 'हमबकर' घ्यावा आणि कप्प्याला आतून तांब्याचा पत्रा लावून तो अर्थ करावा. शेवटी पॉलिश. गिटारवाल्यांच्या परंपरेत मानाचे असलेले फ्रेंच पॉलिश म्हणजे आपलेच लाखेचे पॉलिश. ते सुंदर दिसते, पण घामाने पांढरे पडते. लोकलच्या गर्दीतून आणि पावसाळ्यातून फिरणाऱ्या गिटारला पीयू पॉलिश अधिक मानवते.

पावती आणि परवाना

लाकूड घेताना पावती मागणे हा कारागिराचा आणि ग्राहकाचा स्वतःचा बचाव आहे. इमारती लाकडाच्या वाहतुकीवर भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राज्यांचे नियम लागू होतात. शहरातील उभे झाड तोडायला महाराष्ट्राच्या १९७५च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. रस्त्यावर पडलेले झाडही कोणीही उचलून न्यावे असे नसते. पुनर्वापराच्या तुळईची पावती आणि ती कोणत्या इमारतीतून निघाली याची नोंद जपून ठेवली, तर पुढे गिटार परदेशी नेताना किंवा विकताना प्रश्न उद्भवल्यास उत्तर हाताशी असते. शिसवाबाबत तर ही काळजी अधिकच घ्यावी.

गिटार करवून घेणाऱ्याने कारागिराला काही प्रश्न आधीच विचारावेत: लाकूड कोठून आणले, त्यातील ओल किती, मान कोणत्या लाकडाची आणि कशी कापलेली, एकूण वजन किती भरेल आणि एक पावसाळा उलटल्यावर मान व फ्रेट पुन्हा जुळवून देणार की नाही. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तर कारागिराला मुंबईची हवा ठाऊक आहे असे समजावे.

घराचे लाकूड

जुन्या घराच्या लाकडातून गिटार घडवण्याची उदाहरणे जगात आहेत आणि ती मानाची आहेत. 'क्वीन' या ब्रिटिश बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने १९६३ साली वडिलांच्या मदतीने घरीच जी गिटार बनवायला घेतली, तिची मान एका जुन्या शेकोटीच्या महॉगनी चौकटीतून कोरलेली आहे. त्या चौकटीला वाळवीसदृश किड्यांनी पाडलेली भोके त्याने काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली होती. तीच गिटार तो पुढे आयुष्यभर वाजवत राहिला, आणि त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी शिकला होता आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. न्यूयॉर्कमध्ये रिक केली हा कारागीर शहरातील पाडल्या जाणाऱ्या जुन्या इमारतींच्या पाइनच्या तुळया मिळवून त्यांच्या गिटारी घडवतो. त्याच्या दुकानावर २०१८ साली 'कारमाइन स्ट्रीट गिटार्स' हा माहितीपटही निघाला. त्या शहराचा जुना सांगाडा अशा रीतीने सुरांत शिल्लक राहतो.

मुंबईची उपनगरे आज त्याच टप्प्यावर आहेत. जो साग शंभर वर्षे एखाद्या कुटुंबाचे छप्पर तोलत होता, तो एकदा चिरला गेला की पुन्हा मिळणार नाही. ब्रह्मदेशच्या त्या जंगलांतून तसे लाकूड आता येतही नाही. सगळ्याच तुळयांच्या गिटारी होणार नाहीत, होण्याची गरजही नाही. पण आपली इमारत पुनर्विकासाला जाणार असेल आणि घरात कोणी गिटार वाजवत असेल, तर तोडकाम सुरू होण्यापूर्वी सोसायटीच्या बैठकीत एखादी तुळई, एखादी चौकट आपल्यासाठी राखून ठेवण्याची मागणी जरूर करावी. धडापुरते लाकूड दीड फूट लांबीच्या दोन-तीन तुकड्यांतूनही निघते, आणि ठेकेदाराच्या हिशेबात तेवढ्याने फारसा फरक पडत नाही.